अभियांत्रिकीची वाट आणि विद्यार्थी सदस्यत्व : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागल्यावर एकदा आणि महाविद्यालयाचे पहिले सत्र रुळल्यावर पुन्हा एकदा, असे वर्षातून दोनदा हे प्रश्न आमच्याकडे येतात. पहिल्या खेपेला पालक विचारतात, दुसऱ्या खेपेला विद्यार्थी. एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवताना आणि तिथल्या, अभियंत्यांच्या व्यावसायिक संस्थेच्या विद्यार्थी शाखेचे काम पाहताना ज्या प्रश्नांना पुन्हा पुन्हा उत्तरे द्यावी लागली, ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागते तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला गणित आणि विज्ञान बऱ्यापैकी जमते. एवढ्यावर इंजिनिअरिंगला जावे का?

गणित जमणे आवश्यक आहे, पण तेवढे कारण पुरेसे नाही. अभियंत्याचे काम कसे असते हे एका छोट्या प्रसंगावरून पाहू. इमारतीच्या स्लॅबसाठी सकाळी काँक्रीटची गाडी साइटवर येते. तिथला तरुण अभियंता गाडीतून थोडे काँक्रीट काढून घेतो, ३०० मिलिमीटर उंचीच्या लोखंडी शंकूत ते थराथराने भरतो, प्रत्येक थर सळईने २५ वेळा ठोसतो, वरचा भाग थापीने सपाट करतो आणि शंकू सावकाश, सरळ वर उचलतो. उघडा पडलेला ढीग किती खचला ते पट्टीने मोजले जाते. ठरल्यापेक्षा जास्त खचला, तर वाटेत कोणीतरी पाणी मिसळल्याची शंका येते, आणि ती गाडी उतरवून घ्यायची की परत पाठवायची हे त्याला तिथल्या तिथे ठरवावे लागते. स्लॅबवर मजूर थांबलेले असतात, ठेकेदार घाई करत असतो आणि परत गेलेल्या गाडीचा भुर्दंड कोणाला तरी बसणार असतो. या चाचणीत गणित जेमतेम बेरीज-वजाबाकीचे आहे, परंतु ते काँक्रीट कमजोर निघाले तर काय होईल याची जाण आणि ‘नाही’ म्हणण्याची जबाबदारी, या दोन्ही गोष्टी त्या पाच मिनिटांत आहेत.

म्हणून गुणपत्रिकेबरोबर स्वतःला आणखी काही विचारावे. बिघडलेली वस्तू पाहिल्यावर ती का बिघडली हे जाणून घ्यावेसे वाटते का? एका किचकट गोष्टीपाशी दोन-तीन तास बसता येते का? आपल्या सहीवर दुसऱ्याची सुरक्षितता अवलंबून असेल, तर ते ओझे पेलावेसे वाटते का? उत्तरे होकारार्थी असतील आणि गणितात थोडे कमी गुण असतील, तर तयारीने ती उणीव भरून निघते. उलट गुण भरपूर आणि या प्रश्नांना कंटाळा, अशी स्थिती असेल तर विज्ञानाच्या इतर वाटांचाही मनापासून विचार करावा.

२. दहावीनंतर डिप्लोमा करावा की अकरावी-बारावी करून पदवीला जावे?

दोन्ही वाटा पदवीपर्यंत पोहोचतात. डिप्लोमाला प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो, अभ्यासक्रम ३ वर्षांचा असतो आणि त्यानंतर डिप्लोमाच्या गुणांवर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. त्यासाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागत नाही. बारावीच्या वाटेने जाणाऱ्याला राज्याची सीईटी द्यावी लागते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणिताचे मिळून १५० प्रश्न आणि २०० गुण असतात. गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला २ गुण असल्यामुळे निम्मे गुण एकट्या गणिताकडे जातात. हे लक्षात न घेता तिन्ही विषयांना सारखा वेळ देणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

आमचे मत असे आहे की ज्याला हाताने काम करण्याची आवड आहे, किंवा ज्याच्या घरी लवकर कमावते होण्याची निकड आहे, त्याने डिप्लोमाला दुय्यम समजू नये. डिप्लोमा करून आलेल्या मुलांना वर्कशॉप, ड्रॉइंग आणि मोजमापाची सवय असते आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेत ते ठळकपणे दिसते. मात्र पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित त्यांच्या हातून सुटलेले असते आणि तिसऱ्या सत्रात त्यांची दमछाक होते. थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्याने प्रवेश निश्चित होण्याआधीच, सुट्टीत, समाकलन आणि मॅट्रिक्स पक्के करून घ्यावे.

३. ब्रँच कशी ठरवावी? सगळे म्हणतात कॉम्प्युटरच घ्या.

कॉम्प्युटरला मागणी आहे हे खरे आहे, आणि ज्याला प्रोग्रॅम लिहिण्यात, तो का चालत नाही हे शोधण्यात आनंद होतो त्याने ती ब्रँच जरूर घ्यावी. अडचण तेव्हा येते जेव्हा मागच्या वर्षीचा कट-ऑफ हेच निवडीचे एकमेव कारण ठरते. कट-ऑफवरून इतरांनी काय निवडले एवढेच कळते; ते काम तुम्हाला आवडेल की नाही, हे त्यावरून कळण्याचा मार्ग नाही.

ब्रँचांमधल्या भिंती वाटतात तेवढ्या उंच नसतात, हेही समजून घ्यावे. कोयनेचे उदाहरण घ्या. तिथल्या जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी शिवसागर जलाशयातून पाणी घ्यायचे होते, पण त्यासाठी जलाशय रिकामा करणे शक्य नव्हते. तेव्हा खालून बोगदा खणत तलावाच्या तळाजवळ नेला, शेवटी खडकाचा एक भाग बुचासारखा शिल्लक ठेवला आणि १९९९च्या मार्चमध्ये तो स्फोटाने उडवून पाणी बोगद्यात घेतले. यालाच लेक टॅपिंग म्हणतात. हे पाणी जमिनीखालच्या वीजगृहात जाते आणि तिथे प्रत्येकी २५० मेगावॉटचे ४ संच चालतात. या एका कामात खडकाचा अभ्यास करणारे भूगर्भतज्ज्ञ, बोगद्याचे सिव्हिल अभियंते, टर्बाइनचे मेकॅनिकल अभियंते, जनित्रांचे इलेक्ट्रिकल अभियंते आणि नियंत्रणाचे इन्स्ट्रुमेंटेशनवाले, असे सगळे होते. यातला एकही बाजूला काढला असता तर वीज निर्माण झाली नसती.

म्हणून ऑप्शन फॉर्म, म्हणजे प्रवेशाचा पसंतीक्रम, भरण्यापूर्वी निदान तीन अभियंत्यांना त्यांच्या कामाच्या जागी भेटावे. कोल्हापुरात राहणाऱ्याने शिरोली किंवा गोकुळ शिरगावची फाउंड्री पाहावी, पुण्याकडच्याने चाकणचा कारखाना, संभाजीनगरच्याने वाळूज, नागपूरच्याने बुटीबोरी. हे जमणार नसेल तर तालुक्याच्या गावातले वीज उपकेंद्र, नगरपालिकेचा जलशुद्धीकरण प्रकल्प किंवा साखर कारखान्याचा सहवीजनिर्मिती विभाग पाहावा. रीतसर पत्र दिले तर परवानगी बहुधा मिळते. भेटल्यावर ‘पगार किती’ हा प्रश्न शेवटी ठेवावा. त्याआधी ‘काल दिवसभर तुम्ही काय काय केले?’ असे विचारावे, कारण दिवसाचा हिशोब ऐकला की ब्रँचचे खरे रूप कळते. अशी भेट ठरवण्यासाठी व्यावसायिक संस्थेची स्थानिक शाखा कशी उपयोगी पडते, ते प्रश्न ८ मध्ये आहे.

४. माझी मुलगी मेकॅनिकल घ्यायची म्हणते. कारखान्यात तिला झेपेल का?

झेपेल. तिची इच्छा असताना केवळ आपल्या काळजीपोटी तिला दुसऱ्या ब्रँचकडे वळवू नका, अशी आमची कळकळीची विनंती आहे. आज डिझाइन, गुणवत्ता नियंत्रण, उत्पादन नियोजन, चाचणी या सर्व विभागांत मुली काम करतात. पालकांची खरी काळजी बहुधा कामापेक्षा रात्रपाळीची, प्रवासाची आणि राहण्याच्या सोयीची असते. ती रास्त आहे, पण तिचे उत्तर कंपनी पाहून शोधायचे असते, ब्रँच बदलून नव्हे.

ए. ललिता यांचे उदाहरण येथे आठवते. लहान वयात वैधव्य आले, पदरी तान्ही मुलगी होती. तरीही मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९४३ साली त्या विद्युत अभियंता झाल्या. पुढे लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले, आणि १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या महिला अभियंता व शास्त्रज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला त्या गेल्या. वर्गात मोजक्या मुली असतात तेव्हा वर्गाबाहेरच्या सोबतीची किंमत फार असते. आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेत (प्रश्न ५ पाहा) महिला अभियंत्यांसाठी स्वतंत्र गट आहेत. मुलगी इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरची असेल तर तिने पहिल्या वर्षीच त्याची चौकशी करावी.

५. व्यावसायिक संस्था म्हणजे नेमके काय? कॉलेजच्या क्लबपेक्षा ती वेगळी कशी?

एखाद्या ब्रँचमधले अभियंते, प्राध्यापक आणि संशोधक यांनी आपल्या व्यवसायाचे ज्ञान, दर्जा आणि आचार सांभाळण्यासाठी स्थापन केलेली सभासदांची संघटना म्हणजे व्यावसायिक संस्था. ती कामगार संघटना नव्हे, क्लास नव्हे आणि नोकरी लावून देणारी कचेरीही नव्हे. महाविद्यालयाचा क्लब त्या महाविद्यालयापुरता असतो आणि चांगली बॅच बाहेर पडली की अनेकदा थंडावतो. संस्थेचे सदस्यत्व तुम्ही महाविद्यालय बदलले, नोकरीला लागलात किंवा गाव सोडले तरी तुमच्यासोबत येते.

इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही सर्व ब्रँचांना सामावून घेणारी भारतातली जुनी संस्था आहे. तिची स्थापना १९२० सालची, मुख्यालय कोलकात्याला आणि १९३५ साली तिला राजसनद मिळाली. तिच्यात अभियांत्रिकीचे १५ विभाग आहेत. आयईईई ही जागतिक संस्था १९६३ साली दोन जुन्या अमेरिकी संस्थांच्या विलीनीकरणातून झाली, आणि तुमच्या फोनमधले वायफाय ज्या प्रमाणकावर चालते ते ८०२.११ हे प्रमाणक तिचेच आहे. हे मुद्दाम सांगितले, कारण अशा संस्था फक्त व्याख्याने भरवतात असा समज आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी जुळावीत म्हणून जे नियम लागतात, त्यांतले कितीतरी या संस्थांच्या समित्यांमध्ये बसून अभियंत्यांनीच लिहिलेले असतात.

६. माझ्या ब्रँचसाठी कोणती संस्था योग्य?

इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरसाठी आयईईई. इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमसाठी १९५३ सालची आयईटीईदेखील. कॉम्प्युटर-आयटीसाठी एसीएम आणि १९६५ साली स्थापन झालेली कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया. मेकॅनिकल आणि ऑटोमोबाइलवाल्यांचा ओढा एसएई इंडियाकडे असतो, यंत्र अभियांत्रिकीच्या व्यापक क्षेत्रासाठी एएसएमई आहे, आणि वातानुकूलन व शीतकरणात रस असेल तर इशरे. सिव्हिलच्या विद्यार्थ्याला इंडियन काँक्रीट इन्स्टिट्यूट किंवा भूतंत्र अभियांत्रिकीची इंडियन जिओटेक्निकल सोसायटी जवळची वाटेल. केमिकलसाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल इंजिनिअर्स आहे आणि तिचे विद्यार्थ्यांसाठीचे वेगळे संमेलनही भरते. तंत्रशिक्षणाला वाहिलेल्या आयएसटीईच्या शाखा अभियांत्रिकी महाविद्यालयांप्रमाणेच तंत्रनिकेतनांतही असतात, म्हणून डिप्लोमाच्या विद्यार्थ्याने आधी तिची चौकशी करावी.

नावाला भुलून निवड करू नये. ज्या संस्थेची शाखा तुमच्या महाविद्यालयात किंवा शहरात खरोखर चालते, ती तुमच्यासाठी अधिक मोलाची. शाखा चालते की नाही हे कळण्याची सोपी खूण म्हणजे मागच्या १२ महिन्यांत त्यांनी काय केले ते विचारणे. उत्तरात फक्त उद्घाटन आणि समारोप आला, तर दुसरीकडे पाहावे.

७. वर्गणी परवडत नाही. एकापेक्षा जास्त संस्थांचे सदस्य व्हावे लागते का?

मुळीच नाही. पहिल्या वर्षी एक संस्था पुरे. विद्यार्थ्यांसाठी दर सवलतीचा असतो. साधारणतः भारतीय संस्थांची वर्गणी आंतरराष्ट्रीय संस्थांपेक्षा कमी असते. दर बदलत असतात, म्हणून संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच ते पाहावेत आणि शक्यतो पैसेही तिथेच भरावेत.

भरण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. सदस्यत्व कधी संपते, ही पहिली: आयईईईचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते, आपले शैक्षणिक वर्ष तसे नाही, त्यामुळे घाईत भरलेल्या पैशांत हाती किती महिने पडतात ते पाहावे. दुसरी गोष्ट म्हणजे वर्गणीत काय येत नाही. आयईईईचे सदस्यत्व घेतले की तिचे सगळे शोधनिबंध फुकट वाचता येतील असे अनेकांना वाटते, तसे नाही. संगणक, वीज, रोबोटिक्स अशा विषयांच्या तिच्या अंतर्गत सोसायट्यांची वर्गणीही वेगळी असते. शोधनिबंध हवे असतील तर आधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विचारावे, कारण पुष्कळदा ग्रंथालयाने ती सोय आधीच घेतलेली असते आणि ती कोणी वापरत नाही. तिसरी गोष्ट, विद्यार्थी शाखेच्या कार्यक्रमांना सदस्य नसलेल्यांना येऊ देतात का? बहुतेक ठिकाणी येऊ देतात. हात आखडता असेल तर एक सत्र असेच कार्यक्रमांना जावे, काम करावे आणि मग सदस्य व्हावे. पैसे नाहीत म्हणून दारातून परत जाण्याची वेळ कोणावर येऊ नये.

८. आमच्या कॉलेजमध्ये एकाही संस्थेची शाखा नाही. मग काय?

दोन मार्ग आहेत. बहुतेक संस्थांत विद्यार्थ्याला थेट, वैयक्तिक सदस्य होता येते. त्यासाठी महाविद्यालयात शाखा असण्याची अट नसते. आयएसटीईसारख्या काही ठिकाणी मात्र विद्यार्थी सदस्यत्व महाविद्यालयाच्या शाखेमार्फतच चालते. थेट सदस्य झाल्यावर संस्थेच्या शहरातल्या शाखेशी संपर्क साधावा. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची केंद्रे मुंबई, पुणे आणि नागपूरला आहेत. आयईईईचे मुंबई आणि पुणे विभाग आहेत. तिथल्या व्याख्यानांना निवृत्त मुख्य अभियंते, सल्लागार, कारखानदार येतात आणि एखादा विद्यार्थी पुढच्या रांगेत वही घेऊन बसलेला दिसला की त्यांना मनापासून बरे वाटते. प्रश्न ३ मध्ये सांगितलेली कामाच्या जागेची भेट अशाच ओळखीतून सहज ठरते.

दुसरा मार्ग शाखा सुरू करण्याचा. त्यासाठी एक तयार प्राध्यापक, ठरावीक संख्येने विद्यार्थी सदस्य आणि प्राचार्यांचे पत्र लागते. सदस्यसंख्येची अट प्रत्येक संस्थेची वेगळी असते. अनुभवाने सांगायचे तर संख्या जमवणे अवघड नसते; खरी कसोटी तिसऱ्या वर्षी लागते, जेव्हा शाखा सुरू करणारी बॅच प्रोजेक्ट आणि प्लेसमेंटमध्ये गुंतते. म्हणून पहिल्या दिवसापासून दुसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना प्रत्येक कामात सोबत ठेवावे आणि हिशोब, पत्रव्यवहार, संपर्क यांची एक वही पुढच्यांच्या हाती द्यावी. आमच्या ओळखीची एक शाखा केवळ अशी वही नसल्यामुळे बंद पडली. खात्याचा पासवर्ड ज्याच्याकडे होता तो पास होऊन गेला आणि नंतर कोणाला काही सापडेना.

९. सदस्य झालो. आता प्रत्यक्षात काय करायचे?

बहुतांश सदस्य इथेच थांबतात. सदस्यपत्र येते, त्याचे छायाचित्र सगळ्यांना पाठवले जाते आणि वर्ष सरते. तसे होऊ द्यायचे नसेल तर पहिल्या महिन्यातच एक ठरावीक काम अंगावर घ्यावे, मग ते वक्त्याला स्थानकावरून आणण्याचे का असेना. त्या अर्ध्या तासाच्या रिक्षाप्रवासात एका अनुभवी अभियंत्याशी जे बोलणे होते, ते व्याख्यानात होत नाही.

त्यानंतर स्पर्धा. एसएई इंडियाची बाहा ही त्यांतली सर्वांत अंगमेहनतीची. २००७ साली तिची पहिली स्पर्धा झाली. खडबडीत मैदानावर धावणारी एकासनी गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः आखायची, स्वतः बांधायची आणि पळवायची असते. मैदानात उतरण्याआधी तपासणी होते: नळ्यांच्या सांगाड्याची वेल्डिंग पाहतात, चालकाला पट्टे सोडून काही सेकंदांत बाहेर यायला लावतात आणि ब्रेक दाबल्यावर चारही चाके एकदम अडकली पाहिजेत. तीन अडकली आणि चौथे फिरत राहिले, तर गाडी बाजूला घेऊन ब्रेकच्या नळीतली हवा काढायची आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे. या रांगेत रात्र काढलेल्या मुलाला ‘हायड्रॉलिक्समध्ये हवा का चालत नाही’ हे पुन्हा शिकवावे लागत नाही. शेवटची सहनशक्तीची शर्यत ४ तास चालते. ज्याला प्रोग्रॅमिंगची आवड आहे त्याच्यासाठी आयईईईची सलग २४ तासांची आयईईईएक्स्ट्रीम स्पर्धा आहे; ती आपापल्या महाविद्यालयातून देता येते, म्हणून खर्च नगण्य.

सगळ्यांनी स्पर्धेतच उतरावे असे नाही. १५ सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या जन्मदिनी, आपण अभियंता दिन साजरा करतो. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकलेल्या आणि तेव्हाच्या मुंबई प्रांताच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागलेल्या या अभियंत्याने कल्पिलेली स्वयंचलित दारे १९०३ साली खडकवासला धरणावर बसली. धरणाची उंची न वाढवता जास्त पाणी साठवायचे आणि पूर आला की दारांनी आपोआप उघडायचे, ही त्यामागची कल्पना. त्या दिवशी प्रतिमेला हार घातल्यावर ती दारे कशी चालत असतील याची लहान प्रतिकृती बनवण्याचे काम पहिल्या वर्षाच्या मुलांना दिले, तर तो कार्यक्रम त्यांच्या कायम लक्षात राहील. पुठ्ठा, वजने आणि पाण्याची बादली एवढेच सामान लागते.

१०. मी मराठी माध्यमातला, गावाकडचा आहे. तिथे सगळे इंग्रजीत चालते. माझा निभाव लागेल का?

लागेल. ही भीती आम्हाला सर्वांत जास्त पत्रांतून दिसते. सुरुवातीला मंचावर बोलण्याची जबाबदारी घेऊ नका. तांत्रिक काम घ्या. जोडणी, मोजणी, नोंदी यांना भाषेचा अडसर नसतो आणि तुमचे काम चांगले झाले की लोक स्वतःहून प्रश्न विचारायला येतात. प्रत्येक कार्यक्रमानंतर अर्ध्या पानाचा वृत्तांत आधी मराठीत लिहा आणि मग इंग्रजीत. वर्षभरात असे १५-२० वृत्तांत झाले की विषयाचे शब्द तोंडात बसतात.

मराठीतून विज्ञान-तंत्रज्ञान समजून घेण्यात कमीपणा मानू नये. मराठी विज्ञान परिषद १९६६ सालापासून हेच काम करते आहे, तिच्या शाखा महाराष्ट्रात आणि बाहेरही आहेत, आणि विद्यार्थ्याने तिचेही कार्यक्रम पाहावेत. आपण शिकलेली गोष्ट आजीला मराठीत समजावून सांगता आली की ती खरोखर समजली, असा अनुभव आम्ही वर्गात कितीदा तरी घेतला आहे.

११. मला एटीकेटी आहे, म्हणजे काही विषय राहिले आहेत. तरीही शाखेत काम करावे का?

सदस्य राहावे, जबाबदारीचे पद घेऊ नये. विषय सुटले की पद पुढच्या वर्षी घेता येते. बाहासारख्या स्पर्धेच्या तयारीत सत्र परीक्षा हातची गेलेले विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. त्यांची मेहनत खोटी नव्हती, पण नंतर कंपनीच्या पहिल्या चाळणीतच ‘बॅकलॉग नको’ या अटीमुळे ते बाहेर राहिले.

१२. सदस्यत्वामुळे प्लेसमेंटमध्ये किंवा गेट, एमपीएससीमध्ये काही फायदा होतो का?

गेट, लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा किंवा राज्याच्या स्पर्धा परीक्षा यांत सदस्यत्वाला गुण नाहीत. केंद्राची अभियांत्रिकी सेवा परीक्षा सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम या चारच गटांत होते, हे मात्र ब्रँच ठरवतानाच माहीत असावे. गेट तिसऱ्या वर्षात असतानाही देता येते आणि तिचा निकाल ३ वर्षे ग्राह्य असतो.

प्लेसमेंटच्या बाबतीत नुसत्या सदस्यपत्राचा उपयोग नाही. मुलाखत घेणारा विचारतो, ‘तुम्ही शाखेचे खजिनदार होता, मग वर्षाचा हिशोब किती होता आणि तूट कशी भरून काढली?’ ज्याने काम केले आहे त्याचे उत्तर रुपयांत आणि तारखांत येते. ज्याने नुसते पद घेतले त्याला शब्द सापडत नाहीत. म्हणून बायोडेटात पदापेक्षा केलेली गोष्ट लिहावी.

१३. एका ‘आंतरराष्ट्रीय’ संस्थेने सदस्यत्व आणि शोधनिबंध छापून देण्याचे कळवले आहे. पैसे भरू का?

थांबा आणि तपासा. आमच्या एका विद्यार्थिनीने अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टवरचा निबंध अशाच एका ठिकाणी पाठवला. दोन दिवसांत ‘स्वीकारला’ असे उत्तर आले आणि सोबत शुल्काची मागणी. तिने पैसे भरले. छापून आलेल्या निबंधात आलेखाखालची मोजमापाची एककेच चुकलेली होती. ती चूक तिचीच होती, पण ती तपासणाऱ्या कोणाच्याही नजरेला पडली नाही, याचा अर्थ निबंध कोणी वाचलाच नव्हता. पुढे उच्च शिक्षणाच्या मुलाखतीत त्याच पानावर बोट ठेवले गेले. तिच्या डोळ्यांतले पाणी आम्ही विसरलेलो नाही, म्हणून हे उत्तर जरा कडक शब्दांत देत आहोत.

खऱ्या संस्थेला पत्ता असतो, निवडून आलेली कार्यकारिणी असते, घटना असते आणि तुमच्या विषयातले प्राध्यापक तिला ओळखतात. सगळ्या विद्याशाखांचे निबंध एकाच अंकात छापणारे, दोन-तीन दिवसांत स्वीकृती देणारे, प्रसिद्ध संस्थेच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेणारे आणि भ्रमणध्वनीवर वैयक्तिक खात्यात पैसे मागणारे, यांच्यापासून दूर राहावे. शंका असेल तर ज्या संस्थेचे नाव वापरले आहे तिच्या कार्यालयालाच विचारावे. चांगला निबंध छापायला महिने लागतात, आणि तो दुरुस्त करायला सांगणारा परीक्षक तुमचा हितचिंतक असतो.

१४. मी नोकरी करतो. एएमआयई केले तर ती बी.ई.च्या बरोबरीची धरली जाते का?

यात दोन गोष्टींची गल्लत होते. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचे विद्यार्थी सदस्य असणे वेगळे आणि तिची ‘ए’ व ‘बी’ अशा दोन विभागांची परीक्षा, म्हणजेच एएमआयई, उत्तीर्ण होणे वेगळे. ज्यांनी ३१ मे २०१३ पर्यंत या परीक्षेसाठी नोंदणी केली, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने पदवीशी समकक्षता कायम ठेवली. त्यानंतर नोंदणी केलेल्यांनी सरकारी नोकरी किंवा उच्च शिक्षणासाठी ती पदवी म्हणून चालेल असे गृहीत धरू नये. ज्या ठिकाणी अर्ज करायचा तिथून लेखी खुलासा घ्यावा. डिप्लोमा झालेल्या नोकरदाराने प्रश्न २ मधल्या थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचाही विचार करावा.

१५. पदवी मिळाली की मी परवानाधारक अभियंता होतो का? चार्टर्ड इंजिनिअर म्हणजे काय?

वास्तुविशारदांसाठी १९७२चा कायदा आहे आणि नोंदणीशिवाय ‘आर्किटेक्ट’ असे नाव लावता येत नाही. भारतात सर्व अभियंत्यांना लागू होणारा असा एक कायदा नाही. मात्र महापालिका इमारतीच्या आराखड्यांसाठी संरचना अभियंत्यांना स्वतंत्र परवाना देतात आणि त्यासाठी ठरावीक शिक्षण व अनुभव लागतो.

चार्टर्ड इंजिनिअर हे प्रमाणपत्र इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स आपल्या पात्र, अनुभवी सदस्यांना देते. विद्यार्थी सदस्याला ते मिळत नाही. परदेशातून जुनी यंत्रसामग्री आणताना सीमाशुल्क खाते अशा अभियंत्याचे प्रमाणपत्र मागते, इतके त्याला व्यवहारात वजन आहे. पदवीनंतर विद्यार्थी सदस्यत्व आपोआप पूर्ण सदस्यत्व होईल असे समजू नये. निकाल हाती आला की वरच्या श्रेणीचा अर्ज वेळेत करावा आणि महाविद्यालयाचा ईमेल बंद होण्यापूर्वी खात्यावर स्वतःचा ईमेल नोंदवावा. ही साधी गोष्ट राहून गेल्यामुळे चार वर्षांची नोंद गमावलेले अनेक जण नंतर आम्हाला पत्र लिहितात.

१६. परदेशात जायचे आहे. भारतीय पदवी आणि इथले सदस्यत्व तिथे चालते का?

जून २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, पूर्ण सदस्य झाला. त्यामुळे राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने (एनबीए) पहिल्या स्तराचे मूल्यांकन दिलेल्या अभ्यासक्रमाची पदवी इतर सदस्य देशांत शैक्षणिकदृष्ट्या समकक्ष धरली जाते. इथे तीन बारकावे आहेत. मूल्यांकन महाविद्यालयाला नसून अभ्यासक्रमाला असते, म्हणजे त्याच इमारतीतल्या मेकॅनिकलला असेल आणि सिव्हिलला नसेल असे होऊ शकते. ते ठरावीक मुदतीसाठी असते, म्हणून तुम्ही कोणत्या वर्षी उत्तीर्ण झालात याला महत्त्व आहे. आणि दुसऱ्या स्तराच्या मूल्यांकनाला ही सवलत लागू नाही.

समकक्षता म्हणजे परवाना नव्हे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे मंडळ वेगळे असते. आधी मूलभूत परीक्षा, मग साधारण चार वर्षांचा अनुभव आणि त्यानंतर व्यावसायिक परीक्षा असा क्रम आहे. ब्रिटनमध्येही ‘चार्टर्ड इंजिनिअर’ हीच उपाधी आहे, पण ती तिथल्या इंजिनिअरिंग कौन्सिलची. प्रश्न १५ मधले भारतीय प्रमाणपत्र दाखवून ती मिळत नाही. आयईईई किंवा एएसएमईसारख्या जागतिक संस्थेचे सदस्यत्व मात्र नुसता पत्ता बदलून पुढे चालू ठेवता येते, आणि नव्या शहरात पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात तिथल्या विभागाच्या एका सभेला गेले की आपल्या क्षेत्रातली दहा-बारा माणसे एका संध्याकाळी भेटतात. निघण्यापूर्वी अभ्यासक्रमाच्या मूल्यांकनाच्या पत्राची प्रत, सविस्तर अभ्यासक्रम आणि प्रत्येक सत्राची गुणपत्रिका महाविद्यालयाकडून शिक्का मारून घ्यावी. परदेशी बसून ही कागदपत्रे मिळवायला फार त्रास होतो.